काबाई आणि न फिरकणारे रुग्ण

आमच्या मोठ्या सिस्टरना ‘का?’ विचारल्याशिवाय घास गिळवत नसे. लिफ्ट बंद पडली तरी त्या तिच्या दारालाच विचारत, “का गं बाई?” म्हणून सगळं रुग्णालय त्यांना काबाई म्हणे. एका नव्या डॉक्टरांना ते आडनावच वाटलं. त्यांनी “मिसेस काबाई!” अशी हाक मारली, आणि “का?” म्हणून बाईंनी ओ दिली.

काबाई वसईतल्या होळी गावच्या. वाडीतल्या केळींना पाणी सोडून ड्यूटीवर येत. मी आचोळ्याहून येणारी नवी नर्स, ड्रेसिंगच्या खोलीत त्यांच्या हाताखाली. गोखिवऱ्याच्या कारखान्यांतले कामगार, मिठागरांतल्या बायका टाके घालून घेऊन जात आणि पट्टी बदलायला फिरकतच नसत. अशाच एकाची जखम चिघळून बोट काढावं लागलं. त्या दिवशी काबाई जेवल्या नाहीत. म्हणाल्या, “ही माणसं येत का नाहीत? रीतसर संशोधन करायचं.”

रीतसर म्हणजे आधी रुग्णालयाच्या नैतिकता समितीची परवानगी, आणि समितीत तिघे. डॉक्टर आले की वकील कोर्टात, वकील आले की बाहेरचे सदस्य असलेले निवृत्त गुरुजी गैरहजर. शेवटी गुरुजीच हर्नियासाठी आमच्या वॉर्डात दाखल झाले. ते जरा सावरताच काबाईंनी उरलेल्या दोघांना दंडाला धरून आणलं आणि खाटेभोवती सभा भरवली. वकिलांनी शंका काढली, “आडवा सदस्य हजर धरायचा का?” सगळे हसले. “हसवू नका हो, टाके दुखतात!” असं कळवळत गुरुजींनी परवानगी देऊन टाकली.

आता वेळ मिळेना. प्रश्न विचारायला बसावं तर कुणाचं तरी सलाईन संपे. जेवणाच्या सुट्टीत विचारावं तर पट्टी चुकवून उशिरा आलेला जो तो म्हणे, “घरी लग्न होतं, सिस्टर.” काबाई वैतागल्या. “एवढी लग्नं? वसईत भटजी पुरले कसे? मला काही खरं सांगायचे नाहीत हे. तू साध्या कपड्यांत बाहेर बाकावर जाऊन बस.”

बाकावर मिठागरातली एक मावशी भेटली. म्हणाली, “आमचं काम पान्यातलं, पट्टी भिजनारच. मग ती मोठी सिस्टर असली ओरडते, त्यापेक्षा जखम परवडली.” पुढच्यांनीही तेच सांगितलं; शिवाय ड्रेसिंग फक्त सकाळी, म्हणजे दिवसाची मजुरी बुडते.

काबाईंना मी म्हटलं, “सकाळची वेळ त्यांना जमत नाही.”

“आणि?”

मी सांगून टाकलं. त्या हात धुवायला गेल्या. नळ बराच वेळ वाहत होता.

मग सगळ्या डॉक्टरांसमोर उभ्या राहून त्यांनी निष्कर्ष सांगितले. “पहिलं कारण, मी. दुसरं, आपली वेळ.” कुणी हसलं नाही. ड्रेसिंग संध्याकाळीही सुरू झालं. काबाई गोड बोलायचा सराव करू लागल्या. ते सगळे दात दाखवणारं हसू बघून एका कामगाराने मला हळूच विचारलं, “ताई, माझं काही सीरियस आहे का?” पण माणसं येऊ लागली.

निवृत्तीच्या दिवशी त्यांचा शेवटचा रुग्ण आला तो चिखलाने माखलेली पट्टी घेऊन. काबाईंचा चेहरा लालबुंद झाला. त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं आणि मऊ आवाजात त्याला विचारलं, “भाताची लावणी आटपली का?”

“अजून थोडी आहे, बाई.”

“म्हणजे उद्याही भिजणार. भिजू दे. संध्याकाळी या. मी नसेन, ही असेल.”

तो गेला, तरी माझं मनगट काही त्यांनी सोडलं नाही.