वाट विचारून रांग लावणाऱ्या मालिनीबाई

आदरणीय मालिनीबाई घरत यांची आणि माझी खरी ओळख माझ्याच चुकीतून झाली. कर्जतजवळच्या एका दवाखान्यात त्या मुख्य परिचारिका होत्या, मी नवी. केसपेपरची खिडकी बाराला बंद होई. मी नियमाची पक्की, नाकावर माशी बसू देत नसे. साडेबाराला कोंडाणे गावाच्या वरच्या, डोंगरातल्या वाडीतली एक बाई तापलेलं मूल घेऊन आली. मी म्हटलं, "उद्या लवकर ये."

"सकाळपासनं चालतेय गं बाय," ती म्हणाली आणि मुकाट्याने वळली.

मालिनीबाईंना हे कळलं. आता काही खरं नाही, असं मला वाटलं. त्या एवढंच म्हणाल्या, "चपला बदल, चढण आहे." पायथ्यापर्यंत रिक्षा, पुढे पायी. अर्ध्या चढणीवर ती मायलेकरं सापडली. मूल निपचित पडलं होतं. बाईंनी ते उचलून माझ्या हातात दिलं. ती धग मला अजून जाणवते.

तसंच दवाखान्यात आणलं आणि मूल वाचलं. संध्याकाळी बाई म्हणाल्या, "रांग सगळ्यांना सारखी असते गं, वाट सारखी नसते."

दुसऱ्या दिवसापासून केसपेपरच्या कोपऱ्यात त्या 'पायी' असं लिहू लागल्या. चालत आलेल्यांना आधी घेत. चौक गावचे एक गॅरेजमालक तडकले, "आमी काय रिकामटेकडे हाय का?" बाई शांतपणे म्हणाल्या, "दादा, तुमची गाडी दारात आहे. यांचे पाय बघा जरा." त्यांनी पाहिलं आणि ते मागच्या बाकावर जाऊन बसले.

माझ्या बाळंतपणात बाई डिंकाचे लाडू घेऊन आल्या. डबे दोन होते. दुसरा सफाईवाल्या मावशींच्या लेकीचा, तीही नुकतीच बाळंत झालेली. दोन्हींत लाडू सारखेच. मी मोजले होते!

आता बाई पुण्याला लेकीकडे असतात आणि त्यांच्या खुर्चीवर मी बसते. नोंदणी संगणकावर होते, त्यात 'पायी' लिहायला रकानाच नाही. मी तोंडी विचारते, पण गर्दीत कधी राहून जातं. मग घरी जाताना मनात येतं, आज कोण मुकाट्याने परत गेलं असेल? अशा वेळी बाईंची फार आठवण येते. त्या शेजारी हव्या होत्या, असं रोज वाटतं.

पंचाहत्तरीनिमित्त सगळेच बाईंसाठी उदंड, निरोगी आयुष्य मागतील. मीही मागते, पण त्यात माझा स्वार्थ आहे. बाई, गुडघे साथ देतील तेव्हा एकदा न कळवता दवाखान्यात या. माझं चुकत असेल तर सगळ्यांदेखत रागवा. मला रागावणारं इथे आता कुणी उरलेलं नाही.