दाजी आणि न बिघडलेली मोटरसायकल

या जगात जे जे म्हणून मोडलेलं नाही, फुटलेलं नाही, ऐन वेळी बंद पडलेलं नाही, त्यातल्या निम्म्या गोष्टी आमच्या दाजींमुळे शाबूत आहेत असं माझं ठाम मत आहे. उरलेल्या निम्म्या केवळ दाजींचा हात तिथवर पोचला नाही म्हणून नशिबाच्या भरवशावर चालल्या आहेत. इतकं करून या माणसाचे आभार आजवर कुणी मानले नाहीत. मानणार तरी कसे? पूल पडला की बातमी होते. न पडलेल्या पुलावरून लोक शेंगदाणे खात निघून जातात.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे साताऱ्याकडचे, पण मानेसरला मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात नोकरी लागली म्हणून दिल्लीला आले ते कायमचेच. राहायला मयूर विहारला. सकाळी अंधारात घर सोडायचं, कंपनीच्या बसने अख्खी दिल्ली आरपार ओलांडायची आणि दिवसभर यंत्रं बिघडण्याआधीच त्यांची देखभाल करायची, हे त्यांचं काम. "बिघडल्यावर दुरुस्त करतो तो मिस्त्री," ते म्हणायचे, "बिघडू देत नाही तो मी." मी नोएडातल्या एका ऑफिसात खुर्ची उबवतो आणि त्यांच्याच सोसायटीत मागच्या इमारतीत भाड्याने राहतो. त्यामुळे ताईच्या हातचं जेवण आणि दाजींची तत्त्वं, दोन्ही मला कायम एकाच ताटात वाढलेली मिळाली.

हे काम ते कारखान्यात ठेवून घरी येते तर प्रश्न नव्हता. घरातला बल्ब जाण्याआधी बदलला जायचा. चपलेचा अंगठा तुटण्याआधी चप्पल चांभाराकडे रवाना व्हायची. कुणाकडे पाहुणे म्हणून गेले, तर चहा येईपर्यंत यजमानांच्या दाराच्या बिजागरीत तेल पडलेलं असायचं. तेलाची चिमुकली बाटली त्यांच्या खिशात इतरांच्या खिशात कंगवा असावा तशी असते. कुठलंही यंत्र दिसलं की लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक त्याला टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे आणि आतली बेअरिंग काय बोलते ते ऐकायचं. मिक्सर, फ्रिज, सोसायटीच्या लिफ्टची मोटर, सगळ्यांच्या तब्येती त्यांनी अशा ऐकलेल्या आहेत. मला एकदा खोकला झाला होता तेव्हा ते स्क्रू-ड्रायव्हर घेऊन माझ्या पाठीमागे घोटाळताना पाहून मी सरळ डॉक्टरकडे पळालो.

पुण्याला आम्ही माझ्यासाठी मुलगी बघायला गेलो होतो तेव्हाची गोष्ट. पोहे झाले, पत्रिकेचं बोलणं झालं, मुलगी येऊन बसली. तेवढ्यात दाजी वर बघत उठले आणि भरल्या दिवाणखान्यात म्हणाले, "मुलीला जरा इकडे सरकून बसू दे. तुमच्या पंख्याचा हुक झिजलाय." मुलीची आई जी गप्प झाली ती झालीच. लग्न जुळलं नाही. पंखा मात्र त्या लोकांनी दुसऱ्याच दिवशी उतरवून घेतला, असं मध्यस्थांनी कळवलं. त्या घरात पुढे कुणाच्या डोक्यात पंखा पडला नाही, आणि म्हणूनच त्या घरात आजही आमचा उल्लेख 'ती विक्षिप्त माणसं' असाच होतो.

मग कारखान्यात नवे साहेब आले. तरुण, हुशार, प्रत्येक गोष्ट पडद्यावर रंगीत चौकटींत दाखवणारे. एका संध्याकाळी जेवताना दाजी अगदी सहज सुरात म्हणाले, "आज साहेबांनी विचारलं, तुमच्या विभागात शेवटचा मोठा ब्रेकडाउन कधी झाला? मी म्हटलं, मला आठवतच नाही, इतकी वर्षं झाली. छाती फुगवून सांगितलं रे मी. तर ते म्हणाले, मग तुमच्या विभागाची नेमकी गरज काय?"

ताईचा वाढता हात थांबला.

"भाजी वाढ," दाजी म्हणाले, "गार होतेय."

विभाग बंद झाला. बाकीच्यांना इकडेतिकडे सामावून घेतलं. पन्नाशी उलटलेल्या दाजींना सामावून घेण्याजोगी रंगीत चौकट कुणाला सापडली नाही. निरोपाला हार घातला, भिंतीवरचं घड्याळ दिलं. दाजींनी घरी येऊन आधी ते घड्याळ उघडून बघितलं आणि पुन्हा खोक्यात ठेवून दिलं.

दुसरा एखादा असता तर महिनाभर पलंगावर पडून राहिला असता. दाजींनी बेत काढला. पटपडगंज, साहिबाबाद, नोएडा, सगळीकडे लहान लहान कारखाने आहेत. त्यांना आपला खास माणूस ठेवणं परवडत नाही. आपण स्वतःच फिरून त्यांच्या यंत्रांची निगा राखायची. फिरायचं तर वाहन हवं, आणि नवीन घ्यायची ही वेळ नव्हती. म्हणून आम्ही दोघं पूर्व दिल्लीतल्या जुन्या गाड्यांच्या बाजारात गेलो आणि दाजींनी एक म्हातारी मोटरसायकल पसंत केली. टाकीचा रंग उडालेला, सीट फाटलेलं, पण इंजिनाला स्क्रू-ड्रायव्हर लावून झाल्यावर दाजींचा चेहरा उजळला. "हाडं चांगली आहेत," ते म्हणाले.

मी म्हटलं, "दाजी, दिल्लीत पेट्रोलच्या गाडीला पंधरा वर्षांच्या वर रस्त्यावर येऊ देत नाहीत. हिची तर दोनेक वर्षंच उरलीत."

"अरे, मशीन तारखेने मरत नाही, दुर्लक्षाने मरतं. नीट ठेवलेली गाडी समोर उभी केली की देतील वाढवून."

विकणारा खुशीत आला. "अंकल, कुछ नहीं करना है, बस पेट्रोल डालो और भगाओ!" दाजींनी त्याच्याकडे असं पाहिलं, की जणू त्याने भर बाजारात आईवरून शिवी दिली. मग आम्ही ती चालू स्थितीतली, पूर्ण पैसे मोजून घेतलेली मोटरसायकल मे महिन्याच्या उन्हात ढकलत ढकलत मयूर विहारला आणली. घामाने मी निथळत होतो. निदान हळूहळू चालवत तरी नेऊ, असं मी दोनतीनदा सुचवून पाहिलं.

"ब्रेक उघडून बघितल्याशिवाय मी हिच्यावर बसणार नाही," दाजी म्हणाले. "नवी गाडी कंपनीच्या शब्दावर चालवावी. जुनी घेतली की आधीच्या मालकाची सगळी पापं आपल्या खात्यावर. ती आधी धुवायची, मग बसायचं."

पापं धुण्याचा हा सोहळा जिन्याखालच्या जागेत कितीतरी दिवस चालला. जुनं इंजिन ऑइल काढलं ते काढ्यासारखं काळं निघालं. एअर फिल्टर उघडला तर आत दिल्लीची कित्येक वर्षांची हवा घट्ट बसलेली. "बघ," ते मला म्हणाले, "हे आपण सगळे श्वासातून घेतो, फक्त आपल्याला उघडून कुणी बघत नाही." ब्रेकचे शू बदलले, साखळी रॉकेलमध्ये धुतली, क्लचच्या केबलमध्ये थेंब थेंब तेल सोडलं, तडकलेली पेट्रोलची नळी फेकली. टायरांवरची नक्षी अजून शिल्लक होती, तरी रबर वाळलंय म्हणून तेही बदलले. नट आणि वॉशर क्रमाने मांडायला ताईची कणीक मळायची परात खाली गेली ती परत वर आलीच नाही. बंगलोरला नोकरी करणारी माझी भाची सुट्टीत आली होती, ती कपाळाला हात लावून म्हणाली, "मामा, आईची ती बडी थाली गेली यार! बाबा बिल्कुल impossible आहेत." ताई वरून ओरडायची, "अहो, लग्नात माझ्याकडे तरी एवढं बघितलं होतं का?" खालून उत्तर यायचं, "तुझ्यात बघण्यासारखा बिघाड नव्हता!" अख्खी सोसायटी हे ऐकायची.

गाडी अखेर सुरू झाली तेव्हा तिचा आवाज शिवणयंत्रासारखा आला. दाजींनी मला मागे बसवलं आणि आम्ही कारखान्यांच्या वाऱ्या सुरू केल्या. सुट्टीच्या दिवशी मी असायचो, एरवी ते एकटेच.

साहिबाबादला बाटल्यांची झाकणं बनवणाऱ्या एका मालकाकडे गेलो ते मला चांगलं आठवतं. दाजींनी त्याच्या कॉम्प्रेसरचा आवाज ऐकला आणि नम्रपणे सांगितलं की याची बेअरिंग आता बदलून घ्यायला हवी. मालकाने मोबाइलवरून मान वर न करता विचारलं, "चल तो रही है ना मशीन? जब रुकेगी, तब आपको फोन करेंगे."

"तब मेरा काम नहीं रहता, भाईसाहब," दाजी म्हणाले.

बाहेर येऊन ते हेल्मेटचा पट्टा बराच वेळ नीट करत राहिले. मग म्हणाले, "लोकांना वैद्य नको असतो रे. थेट भटजीच हवा असतो."

जवळपास सगळीकडे हेच. एका छापखान्याने मात्र त्यांना ठेवलं. दाजी दर आठवड्याला जाऊन छपाईयंत्राची सेवा करायचे. यंत्र एकदाही अडलं नाही. काही महिन्यांनी छापखानेवाला गोड हसत म्हणाला, "अंकल, अब तो मशीन एकदम ठीक हो गई ना? फिर अब रहने देते हैं." दाजींनी ही हकीकत सांगितली तेव्हा मी हसलो. मला वाटलं तेही हसतील. ते नाही हसले.

बघता बघता मोटरसायकलची मुदत भरत आली. दाजींनी प्रदूषणाची तपासणी करून घेतली, तिचा दाखला उत्तम आला. टाकीला नवा रंग दिला. नवरीसारखी सजवून ते तिला परिवहन कार्यालयात घेऊन गेले, बरोबर मी. लांब रांग लावून आम्ही खिडकीशी पोचलो. दाजींनी दाखला पुढे केला आणि म्हणाले, "सर, एक बार नीचे आकर सुन लीजिए. नयी गाडी ऐसी नहीं चलती."

खिडकीतला माणूस वाईट नव्हता. थकलेला होता. त्याने कागद पाहिले, दाजींकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाला, "अंकल, हम आवाज नहीं सुनते. तारीख देखते हैं."

दाजींनी कागद गोळा केले. जिना उतरताना त्यांनी कठड्याला धरलं. कठडा चांगला हातभर हलत होता. त्यांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

गाडी दुसऱ्या राज्यात पाठवा, असं कुणीतरी सुचवलं. "तिकडे कोण बघणार तिच्याकडे?" एवढंच दाजी म्हणाले. मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात त्यांनी ती तोडायला द्यायचं ठरवलं. आदल्या दिवशी मी गेलो तर जिन्याखाली वर्तमानपत्रं पसरलेली, आणि दाजी गाडीचं ऑइल बदलत होते.

ताई जिन्यात उभी होती. "अहो, उद्या तोडणार आहेत ना तिला?"

"हो ना. पण तिथवर जायचंय. वाटेत बंद पडली तर?"

ताईने पदराने नाक पुसलं आणि वर निघून गेली. दाजींनी साखळीचा ताण बोटाने तपासला, टायरांतली हवा बघितली, आरसा पुसला.

नोएडाच्या पलीकडच्या, जुन्या गाड्या तोडणाऱ्या आवारात गाडी पोचली ती एकदाही न अडखळता. तिथल्या माणसाने आधी तिच्यातलं पेट्रोल काढलं, मग ऑइल. सोनेरी धार बघून तो चक्रावला. "ये तो नया है!"

"हां," दाजी म्हणाले.

त्याने ते ऑइल वेगळ्या डब्यात भरलं. स्वतःच्या गाडीला वापरणार असावा. दाजी निघता निघता वळून त्याला म्हणाले, "डालने से पहले फिल्टर भी साफ कर लेना." आम्ही मेट्रोने परत आलो. बसायला जागा होती, तरी ते दाराशी उभेच राहिले.

त्यानंतर त्यांनी हत्यारांची पेटी माळ्यावर टाकली. त्या घरात पहिल्यांदाच गोष्टी बिघडू लागल्या. नळ ठिबकायला लागला, जिन्यातला दिवा फडफडून विझला, दार कुरकुरू लागलं. दाजी बाल्कनीत खुर्ची टाकून समोरच्या रस्त्यावरच्या गाड्या बघत बसत. काही विचारलं तर "हं" म्हणत. मी प्लंबरला बोलावतो म्हटलं तर ताईने मला नजरेनेच गप्प केलं. "राहू दे ठिबकत," ती म्हणाली.

मागच्या रविवारी पाणी प्यायला मी स्वयंपाकघरात शिरलो. ताई माझ्याकडे पाठ करून उभी होती. तिच्या डाव्या हातात तवा होता, आणि सुरीच्या टोकाने ती त्याच्या मुठीचा स्क्रू सैल करत होती. मला बघून ती दचकली, मग नुसती मान हलवून मला बाहेर पिटाळलं. थोड्या वेळाने ती तवा घेऊन बाल्कनीत आली.

"अहो, याची मूठ हलतेय बघा. एखाद्या दिवशी हात भाजेल माझा."

दाजींनी तवा घेतला, उजेडाकडे धरला, स्क्रूवर अंगठा फिरवला. सुरीचा ताजा ओरखडा मला लांबूनही दिसत होता.

"हा आपोआप ढिला झालेला नाही," ते म्हणाले.

ताई पदराला हात पुसत राहिली. "मग कसा झाला?"

दाजींनी तिच्याकडे पाहिलं. इतका वेळ त्यांना कुणाकडे बघताना मी गाडी गेल्यापासून पाहिलं नव्हतं.

"वापरून वापरून होतं असं," ते म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "माळ्यावरची पेटी काढ रे. आणि," ते ताईला म्हणाले, "तू बाकीची भांडीही आण. एकदा सगळीच बघून ठेवतो."

ताई आत गेली ती लवकर बाहेर आलीच नाही. पेटी उतरवताना स्वयंपाकघरातून मला सुरीची बारीक करकर ऐकू आली. दाजींनाही आली असणार. त्यांचे कान तेवढे तिखट आहेत. पण ते तवा मांडीवर घेऊन, वाट बघत बसून राहिले.