टेबलावरची सुरी

नाटक कंपनीत सगळे त्यांना मामा म्हणत. तलवारी, मुकुट, विषाचे पेले, असं सगळं सामान त्यांच्या ताब्यात. विंगेतल्या टेबलावर प्रत्येक वस्तूची जागा खडूने आखलेली. हत्यार मामाच वहीत सही घेऊन देणार आणि मामाच परत घेणार. खुद्द मालकांनाही सूट नव्हती. "मामा घरी बायकोला चहासुद्धा सही घेऊन देत असतील," असं नट म्हणायचे.

मग मालकांना अर्धांगवायू झाला. आठवड्याच्या आत धाकट्या भावाने त्यांचा अंगठा कागदावर उमटवून कंपनी गिळली. सगळ्यांना कळलं, पण कुणी ब्र काढला नाही. मामांनीही नाही. या वयात दुसरीकडे कोण ठेवणार?

तेव्हापासून कशाला धरबंध उरला नाही. तालमीला नट मनाला येईल तेव्हा यायचे, पडदा ओढणारा पिऊन यायचा. नाटक मात्र जुनंच चालू होतं. त्यात पुतण्या भर दरबारात राजाला भोसकतो आणि राज्यात यादवी माजते.

एका रविवारी दुपारच्या प्रयोगाआधी धाकट्या मालकांनी टेबलावरची बोथट सुरी उचलली आणि तिथे खरी, धारदार ठेवली.

"साहेब, ही चालायची नाही," मामा म्हणाले.

"त्या पत्र्याला चकाकी कुठाय? मागच्या रांगेत दिसतच नाही."

"पण माणसाच्या अंगावर..."

"काम करायचंय की घरी बसायचंय?"

मामांनी मान खाली घातली. पुतण्या होणाऱ्या नटाला निदान बजावून ठेवू, असं त्यांनी ठरवलं. पण तो उशिरा, धापा टाकत आला आणि परस्पर सुरी उचलून थेट प्रवेशात शिरला.

राजा झालेला नट मामांचा वीस वर्षांचा दोस्त. रोज तो डाव्या कुशीवर धाडकन पडायचा. त्या दिवशी पोट धरून हळूच खाली बसला. प्रेक्षक टाळ्या वाजवत होते.

"पडदा टाका!" मामा ओरडले. पडदेवाला जागेवर नव्हता. मामांनीच दोर ओढला. दवाखान्यात पोचेपर्यंत दोस्त गेला होता.

धाकट्या मालकांनी हात झटकले. "सामानाची जबाबदारी मामांची."

मामा पोलिसांना म्हणाले, "सुरी यांनी ठेवली. मी पाहिली आणि गप्प बसलो. अंगठ्याच्या वेळीही गप्पच बसलो होतो."

दोघांनाही शिक्षा झाली. मामांना एक वर्षाची. सुटल्यावर ते आधी दोस्ताच्या घरी गेले. त्याच्या बायकोने दार अर्धंच उघडलं.

"तुम्ही टेबलावरून ती सुरी उचलून नेली असतीत तर?"

"तर तो जगला असता, वहिनी."

तिने दार लावून घेतलं. मामा बराच वेळ जिन्यावर बसून राहिले.