कांद्याच्या गावाला, मानेत तारा घेऊन

डॉक्टर म्हणाले, "घरात अंधार करून बसलात तर चाचणी कसली? जिथे दुखतं तिथे जाऊन या." मला दुखतं ते चाकणला, ताईच्या सासरी. म्हणून गेले.

डोक्यामागे कातडीखाली दोन बारीक तारा, मानेवर पट्टी, कमरेला तारांत हलकी वीज सोडणारी डबी. डबी चालू असली की डोक्यामागे मुंग्या येतात. आठवडाभर असं राहायचं. अर्धशिशी निम्म्याने उतरली तर कायमची बॅटरी आत बसवायची. नाहीतर तारा काढायच्या. औषधं सगळी करून झाली आहेत. हा पाचवा दिवस.

कंपन्यांच्या बसगाड्या ओसरल्यावर पिंपळे गुरवहून निघावं. रिक्षाने भोसरी, तिथून चाकणची बस. सकाळी डावीकडे बसावं; ऊन उजवीकडून येतं. मान वळवायची नव्हती, म्हणून समोरचंच बघत राहिले. मोशीच्या पुढे वाहतूक थांबलेली. एका ट्रकवर नव्या कोऱ्या गाड्या, त्यांच्या काचांत आभाळाचे तुकडे. एरवी अशा चकाकीला मी डोळे मिटून घेते. मुंग्या चालू होत्या. हॉर्न पाण्याखालून ऐकू यावेत तसे येत होते.

शेजारची बाई पट्टीकडे बघत म्हणाली, "चार्जिंगला लावलंय का काय?"

"तसंच समजा."

"आमच्या मालकांनाबी बसवा एक."

दारात ताईच्या सासूबाई उभ्या होत्या. मी त्यांना मावशी म्हणते. कांद्याच्या वासाने माझं डोकं उठतं, म्हणून मी येणार कळलं की त्या घरातला कांदा गोठ्यात नेऊन ठेवतात. चाकणमध्ये, जिथे कांद्याचा मोठा बाजार भरतो. ताईच्या लग्नापासून.

जेवताना म्हटलं, "मावशी, आज कांदा फोडा."

"न्हाई बाई. तुला तरास व्हतो."

"त्यासाठीच आलेय."

"दोन दिवस झोपलीस तर मी पाय चेपणार नाही," ताई म्हणाली.

मावशींनी गोठ्यातून कांदा आणला, पाटावर ठेवून बुक्की मारली. वास आला. जरा वेळाने डाव्या भुवईत ठणका उठला. डबीचा आकडा एकाने वाढवला. ठणका गेला नाही. जणू शेजारच्या खोलीत जाऊन बसला.

"दुखतंय व्हय?"

"दुखतंय." मावशींचा चेहरा उतरला. "पण जेवता येतंय," म्हटलं, आणि भाकरी संपवली.

घरी येऊन डॉक्टरांच्या तक्त्यात दुखण्याचे तास लिहिले: तीन. एरवी दोन दिवस जातात. दुखणं संपलेलं नाही, हे वाचणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं. आठवडा संपायला दोन दिवस होते, तरी बॅटरीसाठी होकार कळवला.

मग ताईने दिलेली पिशवी रिकामी केली. ज्वारीच्या पिठाखाली पाच कांदे होते. मावशींनी ठेवलेले, पहिल्यांदाच. ते ओट्यावर मांडले आणि स्वयंपाकघराचं दार उघडंच ठेवलं.