चाळीस अक्षरांच्या पुढची वस्ती

मला नीट लिहिता येत नाही, आधीच माफी मागतो. आमच्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच. पण हे दुसरं कोणी लिहिणार नाही.

कानाखाली बसली तेव्हा माझे हात कीबोर्डवर होते. नांदेडची एक खाजगी लॅब. बीसीए शिकत मी तिथं डाटा एंट्री करायचो. मारणारे आमचे सिस्टीमवाले सर, मालकाचे भाचे.

लोह्याकडच्या गावांत टीबीचे कॅम्प झाले होते. पत्त्याचा रकाना सरांनी चाळीस अक्षरांचा ठेवलेला. ठराविक लांबी असली की शोध झटपट लागतो म्हणे. आमच्याकडं पत्ता सांगताना आधी गाव, पोस्ट, तालुका, वस्ती शेवटी. चाळीसच्या पुढचं कापलं जायचं. म्हणजे वस्तीच. रिपोर्ट पोचवणाऱ्याला गावात उत्तर मिळायचं, "आमच्यातलं न्हाई हे." रिपोर्ट परत. आमच्या शेजारची गंगामावशी रक्त थुंकत होती, तिचाही.

शहरातल्या छोट्या पत्त्यांमागं मात्र चाळीस भरेपर्यंत रिकाम्या जागा साठवल्या जायच्या. कोऱ्या जागेला डिस्कवर जागा होती. गंगामावशीच्या घराला नव्हती.

मी रकाना बदलत्या लांबीचा केला. जेवढा मजकूर, तेवढीच जागा. कापलेले पत्ते कागदी फॉर्मवरून पुन्हा भरणार होतो. चूक एकच, भर गर्दीत केलं. सगळ्या नोंदी नव्यानं लिहिल्या जाऊ लागल्या आणि काउंटर अडकलं.

"तुमच्या वस्तीसाठी सर्व्हर बंद पाडतो का रे, भडव्या?"

मान धरून तोंड डेस्कवर आपटलं. ओठ फाटला. कीबोर्डवर रक्त.

"सर, वेळ चुकली. पण पत्ते..."

"गावाचं नाव बास हाय. तुम्हाला कोण पत्र लिहून राहिलंय?"

रांगेतले दोघं-तिघं हसले.

पुन्हा हात आला. मी मनगट धरलं, पिरगळलं. सर गुडघ्यावर आले. सोडावंसं वाटत नव्हतं, खोटं कशाला सांगू. "आधी पत्ता पुरा टाका," एवढंच ओरडत होतो. वॉचमननं काठीनं झोडपत मला बाहेर काढलं.

आमच्या वस्तीतल्या आजाऱ्यांची नावं, पूर्ण पत्त्यांसकट, आणि लॅबविरुद्धची तक्रार मी सरकारी दवाखान्यात लेखी दिली. मालकाचा निरोप आला: तक्रार मागं घे, नाहीतर मारहाणीची केस. करा. मनगट मी पिरगळलं, हे कोर्टातही सांगीन. पत्ते कोणी कापले, हेही सांगीन. कॉलेज सुटलं तरी तक्रार मागं घेणार नाही.

काल दादाचा फोन आला. "सरकारी दवाखान्याची बाई घर शोधत आली होती. मावशीचा रिपोर्ट घिऊन. टीबीच हाय."

"मग गोळ्या चालू केल्या का?"

"तुझी परीक्षा म्हणून आईनं सांगू दिलं न्हाई. मावशीला जाऊन आठ दिवस झाले."