कर्णेवाला आमदार

रोज सकाळी चहाच्या आधी आमदार आपल्या टेबलाखाली वाकून बघायचे. मग भिंतीवरच्या तसबिरी एकेक करून पुढे ओढायचे, त्यांच्या पाठीमागे बोटं फिरवायचे आणि शेवटी मान वर करून पंखा न्याहाळायचे. कुणी चोरून माईक तर लावला नाही ना! बायको कप घेऊन दारात उभी असायची.

"सापडला का चोर?"

"सापडेल. घरातलाच असणार, म्हणून वेळ लागतोय."

पहिल्यांदा ती हसली होती. तिसरी निवडणूक जिंकल्यावर हे रोजचंच झालं, आणि तिचं हसू आटलं.

लग्न झालं तेव्हा ते आमदार नव्हते, कर्णेवाले होते. सभा कुणाचीही असो, कर्णे त्यांचेच. खांबावर चढून ते स्वतः कर्णे बांधायचे आणि सभा संपेपर्यंत व्यासपीठामागे एका उलट्या खोक्यावर, मशीनशेजारी बसून राहायचे. सगळ्या पक्षांची सगळी भाषणं ऐकलेला माणूस त्या भागात हा एकच. कोणत्या वाक्याला टाळी पडते आणि कोणत्या वाक्याला लोक चपला शोधू लागतात, ते त्यांना मागून दिसायचं.

एकदा मोठ्या पुढाऱ्याची गाडी वाटेत बंद पडली. गर्दी चुळबुळू लागली, तशी आयोजकांनी यांच्याच हातात माईक कोंबला. "बोल काहीतरी, लोक उठतील." हे पाण्याच्या गळक्या टाकीबद्दल बोलले, दवाखान्यात धूळ खात पडलेल्या मशीनबद्दल बोलले. पुढारी येऊन पोचले तेव्हा पुढच्या रांगेतली म्हातारी ओरडली, "थांबा हो जरा, यांचं होऊ द्या!"

त्यानंतरच्या निवडणुकीत त्या पुढाऱ्याच्या पक्षातले दोन गट तिकिटासाठी एकमेकांच्या उरावर बसले होते. दोघांच्या भांडणात तिकीट तिसऱ्याला, म्हणजे यांना मिळालं. निवडून आले तेही निसटतेच. विधानसभेत पहिल्या दिवशी त्यांच्या बाकावरचा माईक गुणगुणायला लागला, तर हे नव्या कोऱ्या कपड्यांत बाकाखाली शिरले आणि तार नीट बसवूनच बाहेर आले. विरोधक पोट धरून हसले. मतदारसंघात मात्र या गोष्टीने पुढची निवडणूक अर्धी जिंकून दिली. आपला माणूस कुठेही गेला तरी हात काळे करतो, असं लोक कौतुकाने म्हणू लागले.

उरलेली अर्धी जिंकून दिली ती बायकोच्या धाकट्या भावाने. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं होतं. लग्नात तिच्या पाठराखणीला आला तो इथलाच झाला. प्रचारात त्याच्या पायाला भिंगरी असायची. कोणत्या गल्लीत कोण कुणावर रुसलंय ते त्याला तोंडपाठ. भाऊजींच्या शब्दाबाहेर तो नव्हता आणि भाऊजीही त्याला विचारल्याशिवाय पाऊल टाकत नसत.

मग गोष्टी फुटू लागल्या.

चौथ्या निवडणुकीचे वारे वाहू लागले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्याच्या फाटकावर जायचं असं दुपारी ठरावं, तर हे पोचण्याआधी तिथे विरोधकाचे झेंडे. नाराज ठेकेदाराला गुपचूप भेटायचं ठरावं, तर आदल्या संध्याकाळीच विरोधकाने त्याच्या गळ्यात हार घातलेला. हे सगळं ठरायचं आतल्या खोलीत, दार लावून. खोलीत माणसं तीनच. आमदार, त्यांची बायको आणि मेहुणा.

"लोक माझ्यासमोर तोंडातल्या तोंडात बोलायला लागलेत," आमदार जेवताना म्हणाले. "मी आलो की आवाज खाली. याचा अर्थ काय?"

"तुम्ही आमदार आहात. भितात."

"काय?"

"भितात म्हटलं!"

"भितो तो ज्याच्या मनात पाप असतं."

संशय हा घरात शिरलेल्या वासासारखा असतो. कुठून आला ते कळत नाही, पण उशीलाही येऊ लागतो. ती भावाचे कपडे धुवायला टाकताना खिसे जरा जास्तच वेळ चाचपू लागली. तो कुणाशी फोनवर बोलला की भांड्यांचा आवाज थांबवू लागली. आणि एके दिवशी तिने त्याला चौकातल्या चहाच्या टपरीवर पाहिलं. विरोधकाच्या प्रचारप्रमुखाच्या खांद्यावर हात टाकून तो हसत होता. दोघे शाळासोबती होते, हे तिला ठाऊक होतं. तरी ती टपरी टाळून लांबच्या वाटेने घरी आली.

त्याच आठवड्यात आमदारांनी मेहुण्याला समोर उभं केलं.

"किती दिवस चाललंय हे?"

"काय, भाऊजी?"

"खाल्ल्या घरचे वासे मोजणं."

भावाने बहिणीकडे पाहिलं. "ताई, सांग ना यांना."

आमदारांनीही तिच्याकडे पाहिलं. "तू काही पाहिलंस का?"

नाही म्हणायला एक श्वास पुरला असता. ती पदराच्या टोकाशी चाळा करत राहिली. भावाला तेवढं पुरलं. दारापाशी जाऊन तो म्हणाला, "भाऊजींचं सोड. तू गप्प बसलीस." आणि गेला.

त्यानंतर प्रचाराची गाडी रडतखडत चालली. गोष्टी मात्र फुटायच्या थांबल्या नाहीत. आमदार म्हणाले, तो जाताना कुणाला तरी पेरून गेलाय. स्वयंपाकीणबाईंना काढलं, ड्रायव्हर बदलला. बायकोच्या मनात पहिल्यांदाच उलटा विचार आला. चोर गेला आणि चोरी चालूच, तर तो चोर होता का?

एका दुपारी बाहेरच्या खोलीत पाण्याचा माठ भरून ती घटकाभर बाकावर टेकली. ही भेटायला येणाऱ्यांची खोली. भिंतीवर एक लाकडी पेटी होती, तिच्यात लहानसा स्पीकर. आत टेबलावर माईक. पुढचा माणूस आत बोलवायचा तर आमदार त्यावरून नाव पुकारायचे. ही जोडणी त्यांनी स्वतः केली होती. तारेला दुसऱ्या कुणाचा हात लागू द्यायचे नाहीत. शेजारी निवृत्त पोस्टमन फुकटचा पेपर वाचत बसले होते. ते रोज यायचे, त्याच जागी बसायचे.

आणि पेटी बोलली. बारीक आवाजात, पण शब्द न् शब्द स्पष्ट. "उद्या विणकरांच्या वस्तीत जातो. कुणाला बोलू नका." आमदार आत फोनवर होते.

ती बाकावरून उठली. "हे... हे रोज ऐकू येतं?"

"रोज," पोस्टमन पान उलटत म्हणाले. "आम्हाला वाटलं, साहेब मुद्दाम ऐकवतात. पारदर्शक कारभार की काय म्हणतात तो. मी तर घरी जाऊन सगळ्यांना सांगतो, आमचे साहेब काही लपवत नाहीत!"

आता तिला कळलं. कर्णेवाले सभेत मशीन कधी बंद करत नाहीत. वक्ता कधी तोंड उघडेल याचा नेम नसतो, म्हणून ते फक्त आवाज कमी करून ठेवतात. आमदारांची ही सवय सुटली नव्हती. आवाज कमी करायचे ते बाहेरच्या पेटीतून स्वतःला ऐकू येईनासा होईपर्यंत. आणि उभी हयात कर्ण्यांखाली गेलेल्या त्या कानांना आता ऐकू येत होतंच किती! लोक हळू बोलत नव्हते.

तिने त्यांना बाहेर बोलावून सगळं सांगितलं. त्यांनी पेटीला कान लावला. बराच वेळ.

"काही नाही. तुला भास झाला." मग त्यांचे डोळे बारीक झाले. "भावाला सोडवायला भिंतीला तोंड फुटलं होय?"

तिने वाद घातला नाही. "इथेच उभे राहा," म्हणून ती आत गेली, टेबलापाशी बसली आणि माईकजवळ, शेजारच्याला सांगावं तशा आवाजात म्हणाली, "बाकावर बसलेल्यांनी जरा उभं राहावं."

बाहेर आमदार पेटीला कान लावून उभे होते. त्यांना काहीही ऐकू आलं नाही. पण समोर पोस्टमन उठले. रेशनच्या तक्रारीसाठी आलेल्या दोन बायका उठल्या. कोपऱ्यातला रंगारीही डबा हातात घेऊन उठला. सगळे त्यांच्याकडे बघत उभे. आता पुढे काय?

आमदार आत आले. त्यांनी मशीनची तार उपटली आणि ती हातात धरून बसून राहिले.

"त्याला बोलवा," ती म्हणाली.

त्यांनी ऐकलं की नाही कोण जाणे. ऐकू न आल्याचं सोंग घेणं तेव्हापासून त्यांना सोपंच झालं होतं. शेवटी ती स्वतः भावाच्या दारात गेली. त्याने पाणी दिलं, बसायला दिलं. येणार नाही म्हणाला. "ताई, ती पेटी तुला ऐकू आली नसती तर?" तिने पेला खाली ठेवला आणि घरी परतली.

चौथी निवडणूक आमदार हरले. हरले ते सपाटूनच. पुन्हा कर्ण्यांच्या दुकानात बसू लागले, पण काम हाताखालच्या माणसांनीच करावं. लोक सवयीने 'आमदारसाहेब' म्हणायचे. कानात बसवायचं यंत्र आणलं होतं, ते खणात पडून असायचं. टेबलाखाली वाकायचं मात्र त्यांनी सोडलं नाही. आता लपवण्यासारखं काही उरलं नसतानाही.

काही वर्षांनी त्यांनी अंथरूण धरलं. भाऊ आला तो न बोलावता. बायकोला वाटलं, हा आता हिशेब चुकता करायला आला असेल. तिने चहाला आधण ठेवलं नाही, दाराआड उभी राहिली. आत भाऊ खाटेपासून लांब बसला आणि विणकरांच्या वस्तीतल्या नव्या नळाबद्दल काहीतरी सांगू लागला. आमदार त्याच्या ओठांकडे बघत राहिले. डोळे बारीक झाले, जुन्या सवयीने. ती दाराआडून पुढे झाली.

त्या संध्याकाळी ते गेले. त्याआधी कुणाशी काही बोलले असतील तर एवढंच, मेहुण्याशी:

"मला ऐकू येत नाही रे. खुर्ची इकडे घे."