जेवणाआधीचा होकार

"आधी पाणी पाजा."

मॅडम शाळेत आल्या की पहिलं वाक्य हेच. नमस्कार-चमत्कार नंतर, हजेरीपट त्याच्याही नंतर. आणि पाणी म्हणजे मुलं पितात तेच, त्याच टाकीतलं, त्याच गिलासात. आमच्या एका सरांनी एकदा मोठ्या अदबीनं बंद बाटली पुढे केली. मॅडमनी ती घेतली, झाकण न उघडता त्यांच्याच टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "हे तुमच्यासाठी राहू द्या, सर. मले लेकरं पेतात थे द्या." सरांचा चेहरा उतरला, कारण टाकीत बेडूक होता आणि ते त्यांना ठाऊक होतं. संध्याकाळी सर पँट गुडघ्यापर्यंत दुमडून स्वतः टाकीत उतरले.

"टाकी धुतलेली असन तं बाकीचं बी धकून राह्यलं असन," हा मॅडमचा हिशेब. तपासणीचे मोठमोठे नमुने आमच्याकडे येतात, पण मी तुम्हाला सांगतो, यापेक्षा नेमकी तपासणी मी नोकरीत पाहिली नाही.

मॅडम आमच्या तालुक्याच्या गटशिक्षणाधिकारी. तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या सगळ्या शाळा त्यांच्या हाताखाली. तालुक्याचं नाव सांगत नाही. यवतमाळात कोणालाही विचारा, शिक्षेची बदली कुठे करतात, तो सांगेल. जंगल, कोलाम आदिवासींची पोडं म्हणजे वस्त्या, आणि पावसाळ्यात रस्ता अडवणारे नाले. इथं साहेब येतात ते जायच्या तयारीनंच येतात. मॅडम महागावकडच्या, कापूस-सोयाबीनच्या घरातल्या. त्याही तशाच येऊन तशाच जातील असं आम्ही धरून चाललो होतो. त्या राहिल्या. निवृत्त होईपर्यंत त्यांच्या खोलीच्या पाटीवर नावापुढे 'प्रभारी' हा शब्द तसाच होता. शासनाला त्यांना कायम करायला सवड मिळाली नाही आणि मॅडमना त्याचा पाठपुरावा करायला.

तालुका चालवायचा म्हणजे काय, हे बाहेरच्याला कळत नाही. अर्धी पदं रिकामी. गाडी कधी आहे, कधी दुसऱ्या खात्यानं नेलेली. आणि वरून दिवसभर मोबाईलवर निरोप: अतितातडीचे, आजच्या आज, दुपारच्या आत माहिती पाठवा. आधीच्या साहेबांच्या काळात असा निरोप आला की तालुक्यातले गुरुजी खडू टाकून मोबाईलला चिकटायचे. मॅडमनी पहिल्याच बैठकीत ते बंद केलं.

"शाळा सुटल्यावर भरा. माहिती उद्या बी जाईन. शाळा आज हाये."

"पण मॅडम, वरून विचारलं तर?"

"मले विचारतीन ना? तुमाले तं नाही?"

वरून त्यांना नक्की विचारलं असणार, आणि फुलं देऊन विचारलं नसणार. आमच्यापर्यंत त्यातलं काही आलं नाही.

त्या देवमाणूस वगैरे होत्या असा तुमचा समज होत असेल तर तो इथंच काढून टाकतो. मॅडम भयंकर हट्टी. समोरच्याचं बोलणं संपायच्या आत मान हलवायच्या. एकदा रजेसाठी मी लांबलचक कारण सांगत होतो, तर मधेच म्हणाल्या, "गुरुजी, साळीच्या लग्नाले जा लागते म्हणा ना सरळ." मी मेहुणीच्या लग्नालाच चाललो होतो. आणि शाळा बंद करण्याच्या बाबतीत तर त्यांचं काळीज दगडाचं आहे असं आम्ही समजत होतो. रस्त्यालगतच्या एका वस्तीवर एक गुरुजी आणि दोन सख्खी भावंडं, एवढीच शाळा उरली होती. गाव म्हणालं, शाळा ठेवा. आम्ही म्हणालो, ठेवा. मॅडमनी ती बंद केली आणि दोघांना शेजारच्या गावात घातलं.

"अवो, भांडायले कोणी नाही त्या लेकराईले! घरी बी तेच, शाळेत बी तेच. लेकराले भांडायले तरी दुसरं लेकरू पाह्यजे का नाही?"

गावानं त्यांना शिव्या घातल्या. पहिल्या दिवशी दोन्ही पोरांचा हात धरून मॅडम स्वतः नव्या शाळेत गेल्या. आठवड्याभरात धाकटा डोक्याला टेंगूळ घेऊन घरी आला, आणि ते ऐकून मॅडमना कोण आनंद झाला!

म्हणून आमच्या पोडाची फाईल वर आली तेव्हा आमचीही शाळा गेली असंच मी धरलं. मी तिथला मुख्याध्यापक, म्हणजे दोन गुरुजींपैकी वयानं मोठा. पोडावरची शाळा बंद करून मुलं नाल्यापलीकडच्या मोठ्या गावात पाठवायची, असा प्रस्ताव होता. मॅडम येण्याच्या आधीच्या साहेबांच्या काळातला. मध्ये तो झोपला होता. सरकारात फायली झोपतात आणि कोणी न हलवता जाग्याही होतात. फायलीत पोडाची संमती होती, सह्या आणि अंगठे. ती घेतली तेव्हा मी तिथंच होतो. साहेब गाडीला टेकून उभे होते. "चालेल ना?" त्यांनी विचारलं. सगळे एका आवाजात म्हणाले, "हो साहेब." मी म्हटलं, साहेब, यांचा होकार असा धरू नका. साहेब हसले. "गुरुजी, आता लोकांपेक्षा तुम्हाला जास्त कळतं का?"

आता मॅडमनी नुसती सही करायची होती. पण सहीच्या आधी त्या पोडावर आल्या.

पोडाच्या मधोमध चावडी असते. कोलामांचं जे काही ठरायचं ते तिथं ठरतं. मॅडम जाऊन खाली बसल्या. नाईक, म्हणजे पोडाचा प्रमुख, समोर बसला. बाया कडेला. मॅडमनी विचारलं, "शाळा बंद करून लेकरं नाल्यापलीकडं धाडायची. चालन का?"

"हो मॅडम," नाईक म्हणाला. "हो," बाकीचे म्हणाले. बायांनीही माना हलवल्या.

मी डोळे मिटले. संपलं. दोनदा विचारलं, दोनदा हो. आता ब्रह्मदेव आला तरी शाळा वाचत नव्हती.

"बरं," मॅडम म्हणाल्या, आणि उठल्याच नाहीत.

त्या तुरीचं विचारू लागल्या. कोणाची बकरी व्याली, कोणाच्या सुनेला दिवस गेले, रानडुकरांनी किती नासधूस केली. ड्रायव्हर दोनदा येऊन उभा राहिला, त्याला त्यांनी हातानंच बसवलं. मला काही कळेना. दुपार कलली तसं नाईकाच्या घरून जेवण आलं. ज्वारीची भाकर, वरण, तरोट्याची भाजी. मॅडम मांडी घालून पोटभर जेवल्या, भाजी दुसऱ्यांदा मागून घेतली. हात धुतले आणि पुन्हा तिथंच येऊन बसल्या, जशी काही संध्याकाळपर्यंतची सुट्टीच काढून आल्या होत्या.

नाईकानं तंबाखू मळली. आणि कडेला बसलेली भीमाबाई, जिची नात माझ्याकडे दुसरीत होती, नाईकाला कोलामीत काहीतरी म्हणाली. नाईकानं मान खाली घातली. तेव्हा ती मॅडमकडे वळली.

"मॅडम, लेकरं जातीन. तुमी म्हणता तं जातीन. पण सांजच्याले वापस येतीन का, थे सांगा."

आणि मग बांध फुटला. नाल्याला अचानक पाणी कसं येतं, कोणाचा बैल कसा वाहून गेला, पलीकडच्या शाळेत यांची बोली कोणालाच येत नाही, मागं दोन पोरं तिथं गेली ती वर्षभर मुकी बसून परत आली. सगळे एकदम बोलत होते, नाईक सर्वांत मोठ्यानं. मॅडम ऐकत होत्या. कोणाचंच वाक्य त्यांनी तोडलं नाही, आणि त्यांच्या बाबतीत हा चमत्कारच म्हणायचा.

गाडीपर्यंत त्यांना सोडायला गेलो तेव्हा न राहवून मी विचारलं, "मॅडम, तुम्हाला कसं कळलं?"

"कायचं कसं? मी बी सासरी लय वर्षं सगळ्याईले हो म्हणत राह्यली, गुरुजी." त्या हसल्या. "हो म्हणायले काई लागत नाही. नाही म्हणायले पोटात भाकर लागते, अन् समोरचा खाली बसलेला लागते."

मॅडमनी शाळा ठेवावी असा अभिप्राय लिहिला. त्यांना वर बोलावणं आलं. तिथं काय झालं ते त्यांनीच पुढच्या बैठकीत साभिनय सांगितलं. मोठे साहेब म्हणाले, लोकांची लेखी संमती असताना तुमचा विरोध कसा? मॅडमनी विचारलं, सर, संमती घेणारे तिथं जेवले होते का? साहेब म्हणाले, जेवणाचा काय संबंध? मॅडम म्हणाल्या, "हाये ना सर. थो होकार जेवणाच्या आधीचा हाये. नकार जेवणाच्या नंतरचा." साहेबांनी फाईल बाजूला ठेवली.

आम्ही टाळ्या वाजवल्या. मॅडमनी वाजवल्या नाहीत. बाजूला ठेवलेली फाईल म्हणजे मिटलेली फाईल नव्हे, हे त्यांना आमच्यापेक्षा चांगलं माहीत होतं.

"मी काय नेहमी नाही राहणार, गुरुजी. उद्या दुसरा साहेब येईन, गाडीपाशी उभा राहून विचारन, अन् हे लोक हो म्हणून देतीन."

तेव्हापासून पोडावर आल्या की त्या नाईकाच्या मागं लागायच्या. "माह्या तोंडावर नाही म्हणा पाहू." नाईक दोन्ही हातांनी तोंड झाकून हसायचा. भीमाबाईला म्हणायच्या, "तू तरी म्हण." ती पदर तोंडात धरायची. "पावण्याले नाही कसं म्हणाव, मॅडम? पाप लागन ना." मॅडम कपाळावर हात मारायच्या. एवढा तालुका ताळ्यावर आणणाऱ्या बाईला एका पोडाच्या तोंडून तो एक शब्द काढता आला नाही, आणि त्या निवृत्त झाल्या.

निरोपाच्या दिवशी त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "पोडाचं मनात राहून गेलं." दुसऱ्या कशाचंच बोलल्या नाहीत. मला त्या दिवशी खरंच रडू आलं.

गेल्या हिवाळ्यात फाईल पुन्हा जागी झाली. नवे साहेब आले, तरुण, बोलायला गोड. चावडीपुढे गाडी थांबली. ते उतरून गाडीच्या दाराशीच उभे राहिले आणि हसत म्हणाले, "मग, शाळेचं समायोजन करू या ना, पलीकडच्या गावात? तुमची हरकत नाही ना काही?"

मी नाईकाकडे पाहिलं. तो जमिनीकडे पाहत होता. तेवढ्यात भीमाबाई पुढे आली. तिनं साहेबांना हात जोडले, कारण पाहुणा तो पाहुणाच.

"नाही," ती म्हणाली. "शाळा नाही देत आमी."

मग नाईक म्हणाला, "नाही." मग सगळेच म्हणाले. साहेब गोंधळले, पण माणूस सरळ. त्यांनी तसंच लिहून नेलं, आणि त्या नकारावर फाईल मिटली. मी हे लिहितोय तेव्हा पलीकडच्या खोलीत पाढे चालले आहेत.

साहेब गेले तसा मी टेकडीवर चढलो, कारण रेंज तिथंच मिळते, आणि मॅडमना फोन लावला.

"मॅडम, पोडानं नाही म्हटलं."

"कोणाले?"

"नव्या साहेबांना. तोंडावर."

"जेवणाच्या आधी का नंतर?"

"आधी, मॅडम. चूलसुद्धा पेटली नव्हती."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला, आणि मॅडमनी विचारलं,

"मंग जेवाले घातलं का नाही त्या साहेबाले?"